पाचांची भिंत

चेंडूकडे पाहणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नसे. "चेंडू काय, कुणालाही दिसतो," ते म्हणत. "तुम्ही पाय बघा, पाय."

हे वाक्य मी प्रथम कतारमधल्या दुखानला ऐकले. आम्ही दोघे तेथे तेल कंपनीत एकाच विभागात होतो. मी तपासणी अभियंता. ते क्रेनने अवजड यंत्रे उचलण्याच्या कामाचे प्रमुख. अंगाने इतके शिडशिडीत, की कंपनीचा सर्वांत लहान मापाचा बॉयलर सूटही त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसे. आणि या माणसाचे सारे प्रेम अमेरिकेतल्या पाच दांडग्या कॉलेजकुमारांवर होते. त्या मुलांनी त्यांना कधी पाहिले नव्हते. काही वर्षांनी मुले पदवी घेऊन निघून जात, त्यांच्या जागी दुसरी येत. प्रेम तेच राही.

त्या खेळाविषयी थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकेतला फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नव्हे. तेथे चेंडू हाताने फेकतात. फेकणारा एक असतो आणि त्याला पाडण्यासाठी समोरचे धावून येतात. त्यांना अडवायला फेकणाऱ्यापुढे पाच जण आडवे उभे राहतात. इंग्रजीत त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. ते मात्र 'भिंत' म्हणत. या पाचांच्या हाती चेंडू लागत नाही. त्यांची नावे कुणी घेत नाही. चेंडू अचूक गेला तर टाळ्या फेकणाऱ्याला. फेकणारा पडला तर शिव्या भिंतीला. पाचांत सर्वांत अवघड जागा डाव्या टोकाची. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळलेली असते. तिकडून कोण येतो ते त्याला दिसत नाही. डाव्या टोकाचा मुलगा चुकला, तर फेकणाऱ्याला ते जमिनीवर पडल्यावर कळते.

मला एवढे समजायला काही वर्षे लागली, कारण मी कधी विचारले नाही.

हा नाद त्यांना एका अमेरिकी सुपरवायझरमुळे लागला. तो दुखान सोडून परत गेला तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या संघाच्या व्हिडिओ कॅसेटचे खोके त्यांच्या दारात ठेवून गेला. विद्यापीठाचे नाव मी लिहीत नाही. मला ते अजूनही धड उच्चारता येत नाही. कंपनीच्या वसाहतीत संध्याकाळी करण्यासारखे फारसे नव्हते. त्यांनी कॅसेट लावल्या. त्या झिजलेल्या होत्या. चित्राचा वरचा अर्धा भाग मुंग्यांनी भरलेला असे. फेकलेला चेंडू त्या मुंग्यांत शिरे आणि नाहीसा होई. खालचा भाग तेवढा स्वच्छ, आणि तेथे पाच जणांचे पाय. त्यांनी ते पाय पाहिले, कारण पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते. पुढे त्यांच्या घरी मोठा टीव्ही आला, निर्मळ चित्र आले. पण तोवर नजरेला वळण लागले होते. ती वर गेली नाही.

माणूस भेटला की ते आधी त्याच्या पायांकडे पाहत. क्रेनखाली काम करणाऱ्या नव्या कामगारांची मुलाखत ते उभ्याने घेत. उमेदवाराला म्हणत, "उभा राहा." तो उभाच असे. मग ते त्याच्या खांद्याला दोन बोटांनी हलकेच ढकलत. पाय हलला की म्हणत, "गोदामात पाठवा. लोड खाली येताना याची टाच उचलली जाणार." कंपनीत नव्याने आलेल्या एका ब्रिटिश व्यवस्थापकालाही त्यांनी ओळख करून घेताना असेच ढकलले. तो मागच्या खुर्चीत बसला. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं सगळं वजन टाचांवर आहे." तक्रार होणार हे उघड होते. झाली नाही. पुढे काही दिवस तो व्यवस्थापक लिफ्टची वाट पाहताना गुडघे किंचित वाकवून उभा असलेला मी स्वतः पाहिला आहे.

एका वर्षी तेथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी महाप्रसादाच्या वाढपाची व्यवस्था मागून घेतली. आदल्या वर्षी लोटालोटीत मसालेभाताचे पातेले आडवे झाले होते. त्यांनी सभासदांतून पाच वजनदार माणसे निवडली. एक बँकेतला, दोन कंत्राटदार, एक दंतवैद्य आणि मी. मी त्या काळी अंगाने भरलेला होतो. त्यांनी आम्हाला वाढपाच्या टेबलांपुढे एका ओळीत उभे केले आणि गुडघे वाकवायला सांगितले.

"कुणाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "फक्त जागा द्यायची नाही."

"अहो, पण लोक हसतायत," दंतवैद्य म्हणाला.

"हसू देत. हसणाऱ्याचा तोल जातो."

मी वाकलो. रेशमी कुडता घातलेला पासष्ट किलोचा एक चार्टर्ड अकाउंटंट माझ्या अंगावर आला आणि परत गेला. अध्यक्षांच्या सासूबाईसुद्धा रांगेतूनच आल्या. पातेले शाबूत राहिले. ते आमच्या मागे, भाताच्या वाफेत, हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नाही.

दुखाननंतर ते दोहात अल थुमामा भागात राहायला आले. विमानतळ जवळ. विमान डोक्यावरून गेले की बोलणे थांबवायचे आणि मग त्याच शब्दापासून पुढे चालू करायचे, ही त्या घराची सवय होती. दुसरी सवय शुक्रवारची. अमेरिकेत सामना शनिवारी होतो. त्यांच्या घरी तो येणाऱ्या शुक्रवारी होई. कारण सरळ होते. प्रत्येक डाव ते दोनदा दाखवत. प्रथम चेंडूसाठी, पाहुण्यांची हौस म्हणून. मग मागे नेऊन पायांसाठी. अशा पद्धतीने एका सामन्याला पूर्ण दिवस लागतो आणि पूर्ण दिवस शुक्रवारीच मोकळा मिळतो. मधल्या आठवड्यात निकाल कुणी पाहायचा नाही, पाहिलाच तर तोंड दाखवायचे नाही. होऊन गेलेल्या सामन्यात काय होईल यावर आम्ही सहा दिवस भांडत असू. शुक्रवारी दारातच सर्वांचे फोन त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, प्रेशर कुकरमध्ये ठेवत आणि झाकण लावत.

"वाजला तर?" कुणी विचारी.

"शिट्टी नाही लावलीय. शिजेल आतच," वहिनी म्हणत.

वहिनी रत्नागिरीकडच्या. पूर्वी शाळेत गणित शिकवत. त्यांना त्या खेळातले काही कळत नव्हते आणि ते त्या लपवतही नव्हत्या. नवऱ्यातले मात्र त्यांना सर्व कळत होते.

शुक्रवारच्या बैठकीला कायमचे आम्ही तिघे. मी, चिन्मय म्हणून पुण्याचा एक आयटीतला तरुण, जो कंत्राट संपेपर्यंत दोहात होता आणि ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचा आलेख असे, आणि तात्या. तात्या कराडकडचा, त्यांच्या कंपनीत ड्रायव्हर, घरचे गावी, स्वतः कामगारांच्या वसाहतीत. तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेला, डावा कोपरा. तो पहिल्यांदा आला तो वहिनींच्या हातच्या आमटीसाठी. नंतर आमटीचे निमित्त राहिले.

ज्या मोसमाविषयी मला सांगायचे आहे, त्याच्या सुरुवातीला भिंतीतले तीन जण पदवी घेऊन गेले होते. डावे टोक रिकामे होते. त्या जागेसाठी दोघांची नावे होती. एक जुना. तो आदल्या वर्षी उजव्या टोकाला खेळला होता. दुसरा नवा. एकोणीस वर्षांचा, दीडशे किलोचा, आजवर शाळेच्या मैदानापलीकडे न खेळलेला. प्रशिक्षकाने नव्याला घेतले होते. घेतले ते बरोबर की चूक, यावर ऑगस्टच्या त्या उकाड्यात आमच्यात जो वाद झाला, तसा मी कंपनीच्या सुरक्षा समितीतही ऐकला नव्हता.

"काका, नंबर्स बघा ना," चिन्मय म्हणाला. "जुन्याने लास्ट सीझनला राइट साइडला जवळजवळ कुणालाच आत येऊ दिलेलं नाही. डेटा एकदम क्लिअर आहे."

"उजवीकडे."

"साइड बदलली म्हणून काय झालं?"

"आजपासून डाव्या हातानं जेव. पुढच्या शुक्रवारी सांग काय झालं ते."

"आवो काका," तात्या पुढे सरकला, "त्ये नवं पोरगं दांडगं हाय, कबूल. पर ढिम्म हाय. त्ये हलस्तोवर समोरचा च्या पिऊन, कप धुऊन जाईल."

"तू त्याचे पाय बघितलेस?"

"बघितलं की. जात्याच्या पाळ्या हायत्या."

"नाचणाऱ्याचे आहेत."

"मग चाळ बांधा."

सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांनी सरावाची एक अर्ध्या मिनिटाची चित्रफीत लावली, पुन्हा मागे नेली, पुन्हा लावली. नवा मागे सरकत होता. एवढ्या देहाखालीही माती उडत नव्हती.

"ऐका, दिसलं का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पाय उचलत नाही तो, सरकवतो. असा मुलगा मी एवढ्या वर्षांत पाहिला नाही. हा चार वर्षं त्या पाठीवर बसू देणार नाही कुणाला. माशी बसू देणार नाही!"

"इन्शाल्ला," चिन्मय म्हणाला.

"इन्शाल्ला नाही. पायांमुळे."

मी विचारले, "दोघांपैकी चूक कोण लवकर दुरुस्त करेल?"

ते माझ्याकडे वळले. "इन्स्पेक्टर, इतक्या वर्षांत आज तुम्ही पहिला प्रश्न विचारलात." ते मला इन्स्पेक्टरच म्हणत. मग त्यांनी चित्रफीत पुन्हा मागे नेली.

जिना चढताना ते मध्ये थांबू लागले होते, हे त्याच महिन्यात माझ्या लक्षात आले. विमान गेले की बोलणे पुन्हा सुरू करायलाही त्यांना वेळ लागे. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली होती, एकदा नव्हे, दोनदा. त्यांनी दोन्ही वेळा जानेवारी सांगितला होता. जानेवारीत मोसम संपतो.

पहिला सामना अमेरिकेत झाला. आम्ही नेहमीप्रमाणे पाहिला नाही. गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नवराबायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बोलणे शस्त्रक्रियेवर आलेले होते.

"मोसम संपू दे," ते म्हणाले.

"मोसम संपेल हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही?"

वहिनींनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि मी नसल्यासारखे पुढे बोलल्या.

"तुमची ती यंदाची भिंत पक्की आहे ना?"

"आहेच."

"नव्या मुलासकट?"

"त्याच्यामुळेच."

"मग पैज लावा. उद्याच्या सामन्यात ती एकदाही फुटली नाही, तर जानेवारीपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही. गोळ्या घ्या म्हणूनसुद्धा सांगणार नाही. एकदा जरी फुटली, तर रविवारी दवाखान्यात दाखल व्हायचं. खलास."

"एकदाही नाही म्हणजे जास्त होतं."

"का? आत्ता तर पक्की होती."

त्यांनी बायकोकडे संशयाने पाहिले. "तू निकाल बघून आलीयस."

"बघितला असता तरी काय कळणार होतं? कोण जिंकलं ते छापून येतं. भिंतीचं कुठे छापून येतं? तुम्हीच म्हणता ना, ते जगात कुणाला दिसत नाही."

"मग निकाल कोण देणार?"

"तुम्ही."

त्यांनी तत्काळ हात पुढे केला. वहिनींनी त्यावर टाळी दिली. माझा चहा निवला होता.

निघताना मी वहिनींना दारात म्हणालो, "वहिनी, आरोपीलाच न्यायाधीश केलेत."

"भावजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे माझ्याशी खोटं बोलतात. डॉक्टरांशी बोलतात. लाडू किती खाल्ले ते देवानं विचारलं तर देवाशीही बोलतील. पण त्या पाच पोरांच्या बाबतीत नाही जमत त्यांना. मला दुसरा उपाय सुचला नाही."

आणि त्यांनी दार लावून घेतले.

शुक्रवारी सकाळी पोहे झाले. फोन कुकरमध्ये गेले. पैजेची वार्ता तात्याला आणि चिन्मयला मीच दिली होती. ती न देणे मला योग्य वाटले नाही. परिणामी त्या दिवशी आम्ही तिघेही फितूर होऊन बसलो होतो. आमच्याच संघाची भिंत फुटावी, आणि ती लवकर फुटावी, एवढीच आमची इच्छा होती. जिन्यातच तसे ठरले होते. तात्याने तर कॉलर पकडून चिन्मयला बजावले होते, "वरडायचं न्हाई. आपल्या पोरांनी चांगलं केलं तरी वरडायचं न्हाई. काकांचं काळीज हाय."

खेळ सुरू झाला. पहिल्याच डावात समोरून एक काळा, उंच, बाणासारखा मुलगा डावीकडून सुटला. नवा दोन पावले मागे सरकला, थांबला, आणि तो बाण त्याच्या छातीवर येऊन मोडला.

"हाण!" तात्या ओरडला आणि त्याने जीभ चावली.

त्यांनी डाव मागे नेला. पाय दाखवले. बोट पडद्यावर टेकवून आमच्याकडे पाहिले. पाय खरोखरच नाचत होते.

दुपारी वरणभातासाठी थांबलो, तोवर भिंत अभंग होती. कोपऱ्यावरच्या मशिदीत नमाज सुटला, रस्त्यावर गाड्यांची दाटी झाली, ओसरली. आम्ही कुजबुजत जेवलो. चिन्मय म्हणाला, "असंच चाललं तर प्रॉब्लेम आहे." पण त्याचे डोळे चमकत होते. माझी अवस्था वेगळी नव्हती. मला काय हवे असायला पाहिजे ते मला माहीत होते. दर वेळी समोरचे धावून आले की माझे गुडघे मात्र आपोआप वाकत होते.

तिसऱ्या सत्रात समोरच्यांनी दोघे दोघे डाव्या टोकावर घालायला सुरुवात केली. नव्या मुलाने एकाला खांद्यावर घेतले आणि दुसऱ्याला एका हाताने रोखून धरले. चेंडू गेला. मी उभा होतो. खुर्ची मागे केव्हा पडली ते मला माहीत नाही. "थांबव! धरून ठेव त्याला!" असे कुणीतरी मराठीत ओरडले. तो मी होतो.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

मी खुर्ची उचलली. बसलो मात्र नाही.

शेवटच्या काही मिनिटांत आमचा संघ मागे होता आणि एकाच फेकीची संधी उरली होती. खोलीत कुणीच बसलेले नव्हते. ते रिमोट छातीशी धरून उभे होते. चेहरा घामेजलेला, डोळे तरुण. वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

चेंडू सुटला. उंच, लांब, कोपऱ्यात. आमच्या एका मुलाने आडवे झेपावून तो धरला आणि रेषेपलीकडे पडला.

जिंकलो. तात्याने मला उचलले. मला यापूर्वी कुणी उचललेले नाही. चिन्मय सोफ्यावर उभा राहून अरबीत "यल्ला! यल्ला!" म्हणत होता. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन कुटुंबाने जमिनीवर काठी आपटली. पैजेचा आम्हा सर्वांना विसर पडला होता. मग आवाज खाली आला, आणि आमच्या लक्षात आले की ते उड्या मारत नव्हते. ते रिमोटकडे पाहत होते.

दर डावानंतर ते मागे जात. हा त्या घराचा नियम होता. त्या वेळी ते गेले नाहीत.

डोक्यावरून एक विमान गेले. त्याला फार वेळ लागला.

"काका, सोडा आता," तात्या म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "जिकलं की. किती बघायचं त्येच त्येच?"

त्यांनी बटण दाबले.

डाव मागे गेला. पाच जण पुन्हा वाकून उभे राहिले. समोरचा तोच उंच मुलगा. तो सुटताना एक पाऊल आतल्या बाजूला पडल्यासारखे दाखवतो, आणि बाहेरून निघून जातो. नव्या मुलाने पहिले पाऊल आत टाकले. तेवढेच. त्याच्या पाठीमागून तो उंच मुलगा मोकळा आला, फेकणाऱ्याच्या पाठीपर्यंत आला, हात टाकला. फेकणारा त्याच क्षणी काही कारण नसताना खाली वाकला. हात त्याच्या डोक्यावरून गेला. तो उठला आणि त्याने ती फेक केली, जिच्यावर आम्ही नाचलो होतो.

त्यांनी तो डाव आणखी दोनदा पाहिला. आम्हीही पाहिला.

चिन्मयने एव्हाना कुकरमधून आपला फोन काढला होता. "काका, ऑफिशियल रेकॉर्ड बघा," तो म्हणाला. शस्त्रक्रिया व्हावी ही त्याचीही इच्छा होती. पण आकडा दिसल्यावर तो न सांगणे त्याच्या स्वभावात नव्हते. "फेकणारा एकदाही पडलेला नाही. झिरो. टेक्निकली तुम्ही जिंकलात."

"तो आकडा फेकणाऱ्याचा आहे," ते म्हणाले. "पोरगं वाकलं म्हणून वाचलं. भिंत फुटली होती."

"थोडीशी," तात्या म्हणाला.

"भिंत थोडीशी फुटत नाही, तात्या."

ते खाली बसले. रिमोट टेबलावर ठेवला. बराच वेळ पायांकडे पाहत राहिले, स्वतःच्या. मग म्हणाले, "त्याला आत जायची घाई झाली. पाय चांगले आहेत. मी पाय पाहिले, घाई पाहिली नाही." आणि बायकोकडे न पाहता, "रविवार ना?"

वहिनी दारातच खाली बसल्या आणि रडू लागल्या. त्यांचा एवढा आवाज त्या घरात पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"रडतेस कशाला?" ते चिडून म्हणाले. "चुकला तो. मी जातोय ना."

"पुढच्या वर्षी शिकेल तो," तात्या त्यांची समजूत काढत म्हणाला.

"शिकेल ना," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "ते बघायला कुणीतरी हवं की नको?"

शस्त्रक्रिया नीट झाली, हे येथेच सांगून टाकतो. वाचकाला ताटकळत ठेवणे मला आवडत नाही. ते आता नाशिकला असतात. तेथे शुक्रवारी सुटी नसते, तरीही सामना शुक्रवारीच होतो, असे कळते.

रविवारी मी त्यांना गाडीतून नेले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सुदानी होते. उंच, सौम्य, थकलेले. दोनदा नकार देणारा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आला याचे त्यांना नवल वाटले. त्यांनी पलंगाच्या कडेवर बसून विचारले, "इतके दिवस तुम्ही ऐकत नव्हता. आता कसे तयार झालात? पत्नीमुळे?"

"नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे अमेरिकेत. फार गुणी. त्यानं एक पाऊल चुकीचं टाकलं."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "त्यांचा मुलगा?"

समजावून सांगायला वेळ नव्हता. मी हो म्हणालो.